वह्या परत द्या : आमच्या वाचनालयाच्या समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
व्यवस्थापक समिती, आमच्या गावचे वाचनालय,
फोंडा तालुका, गोवा

सप्रेम नमस्कार.

चवथीची सुटी संपून वाचनालय उघडले त्या दिवशी फलकावर आपली सूचना लागली. ऑनलाइन गेमिंगवर सरकारने बंदी आणली आहे, मुलांच्या अभ्यासावर वाईट परिणाम होतो, म्हणून वाचनालयातला गेम विभाग कायमचा बंद, एवढाच मजकूर. खाली सही आणि शिक्का. मी ती दोनदा वाचली आणि आत गेले. मागच्या खोलीतले दोन्ही संगणक कापडाखाली झाकलेले होते. त्यांच्या शेजारी दोरीने बांधून ठेवलेल्या तीन लांब वह्या मात्र जागेवर नव्हत्या. विचारले तर उत्तर मिळाले, सफाईत गेल्या असतील.

संगणक झाकले याचे मला वाईट वाटते. वह्या गेल्या हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र. ते समितीच्या टपालात न टाकता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण त्या वह्यांत ज्यांचे अक्षर आहे ती मुले आणि त्यांचे आईवडील यांनीही ते वाचावे असे मला वाटते.

आपल्यापैकी बहुतेकांनी त्या वह्या उघडल्या नाहीत, तेव्हा त्यांत काय होते ते आधी सांगते. प्रत्येक पानावर पाच रकाने. गेमचे नाव, किती तास खेळलात, काय आवडले, काय खटकले, आणि शेवटी दहापैकी गुण. नियम तीनच. कारण लिहिल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. गेम अर्धवट सोडला असेल तर कुठे सोडला ते लिहायचे. आणि मत बदलले तर जुने खोडायचे नाही, खाली तारीख घालून नवे लिहायचे. हा तिसरा नियम मी घातला आणि तोच मुलांना सगळ्यात जड गेला. आपण आठवड्यापूर्वी ज्याला दहा दिले त्याला आज सहा देतो आहोत, हे आपल्याच अक्षरात शेजारी शेजारी दिसणे सोपे नसते. आठवीतला एक मुलगा त्यावरून माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हता. मग एका रविवारी येऊन त्याने जुन्या नोंदीखाली चांगल्या अकरा ओळी लिहिल्या.

ही रीत मी कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही. आपल्या गावात जत्रेला रात्री नाटक होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावर, पोदेराकडे म्हणजे पाववाल्याकडे, विहिरीवर त्याची चिरफाड होते. नायकाचे पद वरच्या पट्टीत चिरकले, खलनायकाने दुसऱ्या अंकात मात्र जागा घेतली, पडदा ओढणारा झोपला होता. लहानपणी माझ्या बाबांचा हात धरून मी ते ऐकत उभी राहायची. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशी माणसेही कारण दिल्याशिवाय कोणाला वाईट म्हणत नसत. आमची मुले आता नाटक कमी बघतात आणि गेम जास्त खेळतात. तिठ्यावरची ती सवय त्यांच्या खेळापर्यंत पोचावी, एवढ्यासाठी वही ठेवली.

यात माझा काय संबंध, असे कोणी विचारील. मी उच्च माध्यमिकला गणित शिकवते आणि या वाचनालयाची पाचवीपासून सभासद आहे. माझ्या लहानपणी फोंड्याच्या बाजारात एक गेम पार्लर होते. माझा भाऊ तिथे जायचा, मी बाहेर पायरीवर थांबायची. आत येऊ नको असे मला कोणी कधी म्हटले नाही. पण आतल्या सगळ्या माना दाराकडे वळायच्या आणि तेवढे पुरे व्हायचे. मी खेळले ते मे महिन्याच्या सुटीत म्हापशाला मामाकडे. तिथे टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळ्या कॅसेटचा, आणि पुढे दोन वर्षांनी मामेभावाचा संगणक आला. मागच्या खोलीत आपण 3 वर्षांपूर्वी मला दोन संगणक लावू दिलेत तेव्हा शनिवारी दुपारी दोन तास मुलींसाठी राखून ठेवायची विनंती मी केली होती आणि आपण ती मान्य केली होती. त्याबद्दल मी आजही आपली ऋणी आहे. त्या दोन तासांत सात-आठ मुली नियमाने येत. आता त्यांनी कुठे जायचे, याचे उत्तर आपल्या सूचनेत नाही.

पहिल्या वहीची पहिली काही पाने माझीच आहेत. मुलांना नमुना हवा म्हणून मी खेळलेल्या गेमची मते आधी लिहिली. ती पाने गेली असली तरी मला बहुतेक आठवतात. आपण ज्याला सरसकट ‘गेम’ म्हणता त्यात किती वेगवेगळ्या वस्तू आहेत ते दिसावे म्हणून काही इथे परत लिहिते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, 1989. साडेनऊ. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून राजपुत्राची हालचाल बनवली. म्हणून तो पडतो तेव्हा खरा माणूस पडल्यासारखे पोटात धस्स होते. पूर्ण खेळाला साठ मिनिटे, घड्याळ थांबत नाही. वाटेत एका आरशातून त्याची सावली बाहेर पडते आणि पुढे त्याच्याच वाटेत आडवी येते. शेवटाकडे दोघे समोरासमोर उभे राहतात. सावलीला तलवार लागली की रक्त आपले जाते. मी आणि मामेभाऊ किती दिवस तिथे मरत होतो ते मोजले नाही. एका संध्याकाळी चिडून मी तलवार म्यान केली आणि सरळ तिच्या अंगावर चालत गेले. दोघे एक झाले. मी तेव्हा सातवीत होते. खेळ आपल्याला काही सांगू शकतो, आणि तेही एक शब्द न बोलता, हे मला त्या क्षणी कळले. अर्धा गुण कापला तो खाली टोकदार खिळे आहेत हे आधी न दिसता मरण येते म्हणून. ती फसवणूक आहे.

‘टेट्रिस’, 1984, वरून पडणारे चौकोनांचे तुकडे रचायचा गेम, मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्हने केलेला. दहा. त्यातून काढायचे काही नाही, घालायचे काही नाही. ‘कॉन्ट्रा’, धावत गोळ्या झाडायचा गेम, सात. शेजारी दुसरा खेळाडू बसला असेल तर आठ, एकट्याला पाच. तीस लाईफ मिळवायची बटणांची क्रमवारी माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलांना अजून पाठ असेल.

‘जीटीए व्हाइस सिटी’, 2002. सहा. हा मी मोठेपणी खेळले. शहर अप्रतिम उभे केले आहे. गाडीतला रेडिओ, पाऊस, रस्त्यावरचे दिवे, सगळे जिवंत. पण रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ठार केले की त्याच्या खिशातले पैसे जमिनीवर पडतात आणि ते उचलायचे असतात. माणसाची किंमत तेवढीच असे तो खेळ दर मिनिटाला शिकवतो. हा गेम प्रौढांसाठी आहे आणि वाचनालयाच्या संगणकावर तो कधीही नव्हता. एका पालकांनी तो आहे अशी तक्रार केल्याचे मी ऐकले. त्यांनी किंवा समितीतल्या कोणीही एकदा येऊन यादी पाहिली असती तर तो प्रश्न तिथेच मिटला असता.

आणि हीच माझी पहिली तक्रार आहे. 3 वर्षांत समितीतले एकही सदस्य त्या खोलीत दहा मिनिटे बसले नाहीत. पुस्तक काढून टाकायचे असेल तर आपण ते निदान चाळून बघता. इथे न पाहता, न वाचता, मुलांना न विचारता निकाल लागला. सूचनेपूर्वी मला एक फोन आला असता तर मी यादी, वह्या आणि वेळापत्रक घेऊन आपल्यासमोर उभी राहिले असते.

दुसरी तक्रार कायद्याची. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने बंदी घातली ती पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. त्याच कायद्याच्या नावात ‘प्रोत्साहन’ हा शब्दही आहे. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, त्याने मान्यता दिली आहे आणि शिकण्यासाठी, करमणुकीसाठी असलेल्या खेळांना वेगळे ठेवले आहे. आपल्या खोलीतले दोन्ही संगणक खेळताना इंटरनेटला जोडलेलेही नसत. एक पैसा कोणी लावला नाही, एक पैसा कोणी जिंकला नाही. मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असलेल्या राज्यात जुगार म्हणजे काय हे समजायला आपल्याला कठीण नाही. 1976 चा सार्वजनिक जुगाराचा आपला कायदा, त्यात 1992 ची दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत आलेली जुगाराची यंत्रे, मग 1996 च्या दुरुस्तीनंतर पाण्यावरचे कॅसिनो, हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत झाले. पणजीच्या धक्क्यावरून ज्या दिव्यांच्या रांगा दिसतात त्या आणि एक मुलगी चौकोन रचत बसली आहे ते, या दोन गोष्टींना एकच शब्द लावून फलकावर चिकटवणे हा त्या मुलीवर अन्याय आहे. सूचना वाचून तिच्या आजीने तिला विचारले, तू तिथे जुगार खेळायचीस काय? हा प्रश्न मला त्या आजींनी स्वतः सांगितला.

जुगाराची भीती मात्र खोटी नाही, हे मी मान्य करते, आणि वहीनेही ते मान्य केले होते. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या एका गेमला माझ्या भाच्याने पहिल्या वहीत नऊ दिले होते. त्यात पेट्या उघडायच्या असतात. आत काय निघेल ते माहीत नसते. चांगली वस्तू हवी तर पुन्हा पेटी, पुन्हा पैसे. तीन महिन्यांनी त्याच्या आईच्या खात्यातून किती गेले ते कळले तेव्हा घरात रडारड झाली. त्यानंतर त्याने स्वतःच्या नोंदीखाली नवीन नोंद केली. गुण दोन. आणि खटकले या रकान्यात लिहिले की हा गेम आपण चांगले खेळलो म्हणून संपत नाही, आपल्याकडचे पैसे संपले म्हणून संपतो. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगारच ठरवले, कारण पैसे लावायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर. माझ्या भाच्याला बेल्जियम ठाऊक नव्हते. त्याला एक रकाना मिळाला होता, त्यात त्याने विचार केला. त्याच्यानंतर आमच्या चार मुलांनी तो गेम मोबाईलवरून काढला, आणि मी त्यांना एका शब्दाने सांगितले नव्हते. आपल्या सूचनेने बंद झाला तो हा रकाना. तो मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात आहे.

वही हरवल्याने काय गेले ते अजून नेमके सांगते, कारण तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग, 1999 चा, आमच्याकडे नव्या आवृत्तीत होता. मी त्याला नऊ दिले होते. इतिहास शिकवायला याच्याइतके गोड साधन नाही असे काहीसे लिहिले होते. या गेममध्ये 2015 मध्ये पोर्तुगीज आले. त्यांना एक खास इमारत मिळते, तिचे नाव ‘फेइतोरिया’, आपल्या भाषेत वखार. ती बांधली की लाकूड, धान्य, सोने, दगड आपोआप येत राहतात. एकही कामकरी लागत नाही. नववीतल्या एका मुलीने माझ्या नोंदीखाली लिहिले की तिला हा गेम खूप आवडतो, सुटीत तिने तो चाळीस तास खेळला, पण वखारीत येणारे सोने कोणाच्या शेतातून आणि कोणाच्या पाठीवरून आले ते गेम दाखवत नाही. आणि मग तिने आपल्या घरातली गोष्ट लिहिली. पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून नदी ओलांडून आपल्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आणावी लागली ती का, हे तिला आजोबांनी सांगितले होते. गेममध्ये ती पोर्तुगीज घेऊन खेळली आणि जिंकली, तेव्हा तिला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून नंतर कसेतरी झाले. तिने सात दिले. मी माझ्या नऊखाली तारीख घालून आठ केले. मी एम. एस्सी. झालेली, वयाने तिच्या तिप्पट, आणि ती वखार मी शंभर वेळा बांधली होती. मला ते दिसले नव्हते.

मान्यवर, हे पान सफाईत गेले.

‘पेपर्स, प्लीज’, 2013, लुकास पोप यांचा. मी साडेनऊ दिले, तेवढेच अजून आहेत. एका काल्पनिक देशाच्या नाक्यावर आपण कारकून. समोर माणूस येतो, कागद देतो, आपण तारीख, शिक्का, नाव ताडून बघायचे आणि हिरवा किंवा लाल ठसा मारायचा. जितकी माणसे तपासली तितका पगार. त्यातून घरच्यांचे जेवण आणि शेगडी. चूक झाली तर आधी ताकीद, मग दंड. एक बाई कागद अपुरे घेऊन येते, नवरा आताच पुढे गेला म्हणते. सोडले तर आपल्या मुलाचे औषध जाईल, नाही सोडले तर ती परत. हा गेम आम्ही सोळा वर्षांवरच्यांनाच देत होतो, आणि अंगझडतीचे उघडे चित्र त्यात सेटिंगमधून बंद करता येते, ते मी स्वतः बंद केले होते. एका मुलाने शेजारच्या पंचाऐंशी वर्षांच्या आजोबांना खोलीत आणून तो दाखवला. आजोबा खुर्चीच्या कडेवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका, पोर्तुगीज राजवटीतल्या नाकेबंदीच्या वर्षांत बेळगावला जायला लागणारे कागद, आणि 1955 च्या 15 ऑगस्टला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या चालल्याचे गावात कळले ती संध्याकाळ, असे सगळे सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी कोणी पुढे खेळले नाही. मुलाने आजोबांचे बोलणे वहीत उतरवून घेतले, साडेतीन पाने. आजोबा गेल्या पावसात वारले. ती साडेतीन पाने दुसऱ्या वहीत होती.

बाकीची मते थोडक्यात. ‘स्टारड्यू व्हॅली’, 2016, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक खपून केलेला शेतीचा गेम. माझे आठ. कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, असलेल्या घरातल्या एका मुलाने मात्र सहा दिले. कारण त्यात कावळे येतात, वादळ येते, पण पिकावर रोग पडत नाही. ज्याच्या बापाने पावसाळ्यात पोफळीवर चढून कोळेरोगाचे औषध मारलेले आहे, त्याला तेवढे लगेच दिसते. ‘राजी’, 2020, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, कथा सांगायला दुर्गा आणि विष्णू, मधे मधे बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ. रंग आणि वास्तू पाहून डोळे निवतात. लढाईत कॅमेरा आडवा येतो आणि गोष्ट अर्ध्यावर तुटते. सात. आमच्या वाड्यावर दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या पोरांनी त्यातल्या असुरांवर वेगळेच शेरे मारले होते. दात, डोळे, खांद्यांचा बाक. आपण जे हाताने करतो त्याची पारख त्यांना आहे. एकाने तर आकृती काढून दाखवली होती.

‘सेलेस्ट’, 2018, नऊ. डोंगर चढणारी मुलगी, जिला आपल्याच मनाची भीती वाटते. पावलोपावली मरायचे आणि लगेच त्याच जागी उभे राहायचे. गेम आपण किती वेळा मेलो ते मोजून ठेवतो आणि सुरुवातीलाच सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा. माझ्या वर्गात गणिताला घाबरणारी एक मुलगी आहे. उत्तर चुकेल म्हणून ती वहीत काहीच लिहीत नसे. तिने हा गेम पावसाळाभर शनिवारी खेळून पुरा केला आणि मेल्याचा आकडा ठळक अक्षरांत लिहिला. दोन हजारांच्या वर होता. आता ती चुकीचे उत्तर लिहून माझ्याकडे घेऊन येते. गेममुळे ती हुशार झाली असे मी म्हणत नाही. ती लिहायला लागली, एवढे मी पाहिले आहे.

आपल्या सूचनेतला अभ्यासाचा मुद्दा राहिला. तो मी टाळणार नाही. गेमचे व्यसन लागते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 च्या जानेवारीपासून लागू झाले, त्याची नोंद केली आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी त्याची खूण. असे मूल मी शाळेत पाहिले आहे. ते बंद दाराआड, रात्री दोन वाजता, एकटे, मोबाईलवर होते. आमच्या खोलीत दार उघडे असायचे, आठवड्याला दोन दिवस, एकेकाला पाऊण तास, मागे रांग उभी, आणि उठल्यावर वही. दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेआधी दोन महिने आम्हीच खेळू देत नव्हतो. आपल्याला हे कमी वाटत असेल तर नियम कडक करा, मी त्यावर सही करीन.

पोलंडच्या सरकारने 2020 मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचे जाहीर केले. वेढा पडलेल्या शहरात अडकलेल्या साध्या माणसांचा तो गेम आहे, आणि त्यामागे सारायेव्होचा वेढा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 2012 मध्ये चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात ‘टेट्रिस’ आहे. हे मी आपल्याला दिपवायला सांगत नाही. आपल्या पणजीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ 1832 चा आहे. एवढा जुना वाचनाचा वारसा असलेल्या राज्यातल्या वाचनालयाने काय जपावे हे स्वतः ठरवावे, पण ठरवण्याआधी ते उघडून बघावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या मागण्या अशा.

तीन वह्या शोधून मला किंवा मुलांना परत द्याव्यात. सफाईचे सामान कोणत्या दिवशी, कोणाला दिले याची नोंद आपल्याकडे असते. रद्दीवाल्याकडे मी स्वतः जाईन, मला नाव आणि तारीख सांगा.

फलकावरची सूचना काढून तिचा मजकूर दुरुस्त करावा. कायद्याचा आधार चुकीचा घेतला गेला, हे एका वाक्यात लिहावे, म्हणजे मुलांच्या घरी जुगाराचा संशय उरणार नाही.

येत्या महिन्यात मुलांना आणि पालकांना बोलावून एक बैठक घ्यावी आणि तीत मुलांना आधी बोलू द्यावे.

विभाग पुन्हा सुरू करताना गेमची यादी तपासायला पाच जण नेमावेत : दोन पालक, समितीचे एक सदस्य आणि अठरा वर्षांखालचे दोन सभासद. प्रत्येक गेमवर वयाची मर्यादा लिहावी. पैसे मागणारा एकही गेम नको, ही अट मीच घालते आहे.

शनिवारचे मुलींचे दोन तास राखून ठेवावेत. बाकी कशावर तडजोड करायला मी तयार आहे, यावर नाही.

वह्या ओळखायची खूण अशी : पहिलीला निळा पुठ्ठा आहे आणि कोपऱ्यावर चहाचा डाग. दुसरी जाड, लाल कापडी बांधणीची, मागच्या पानावर नरकासुराचे चित्र. तिसरी अर्धी कोरी आहे. ज्या कोणाला त्या दिसतील त्यांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे दिल्या तरी चालतील.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी मागच्या खोलीत येऊन बसेन. संगणक झाकलेले असले तरी चालेल. सोबत चौथी, कोरी वही आणि मुले आठवतील तेवढ्या नोंदी पुन्हा लिहून काढतील. समितीतले जे सदस्य येऊ शकतील त्यांनी यावे, खुर्च्या आम्ही मांडू.

आपली,
वाचनालयाची एक आजीव सभासद